सात फ्लॉप्यांतला मुऱ्हाळी

त्या खेळात एक दार होतं आणि ते उघडायला आम्हाला चार दुपारी लागल्या. दाराबाहेर घंटा टांगलेली होती, खिडकीत उजेड होता, म्हणजे आत माणसं होती. धुळ्यातला कुणीही शहाणा माणूस अशा वेळी घंटा वाजवून 'कोणी आहे का घरात' असं ओरडला असता. कॉम्प्युटरचा तो खेळ बनवणाऱ्यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते आधी बोटीतून चीजचा तुकडा उचलायचा, तो पिंजऱ्यात लावून उंदीर पकडायचा, उंदीर मांजराला दाखवायचा, मांजर उठलं की त्याच्या बुडाखालची उशी घ्यायची, उशी फाडायची आणि त्यातून निघालेल्या पिसाने दाराशी झोपलेल्या म्हाताऱ्याला गुदगुल्या करायच्या. मग म्हातारा शिंकत उठतो, दार उघडतो आणि विचारतो काय, तर 'घंटा का नाही वाजवलीस?' मी हे वाक्य मोठ्याने मराठीत सांगितलं तेव्हा आमच्या क्लासमध्ये झाडलोट करणारी मावशी पडद्याला झाडू दाखवून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसली होती. हा त्या खेळाचा गुण म्हणायचा की आमच्या आयुष्यातल्या दुपारींचा दोष, ते मला आजही ठरवता येत नाही.

नव्वदीची मधली वर्षं होती. मी बी.एस्सी. होऊन देवपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे विद्यार्थ्यांपेक्षा पुस्तकात दोन पानं पुढे होतो. क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे दळण सुरू झालं की पडद्यावरची अक्षरं थरथरायची. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत यायचं, सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायची आणि परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असे नियम होते. ते क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, यांनी घातले होते. देवळासारखे नियम ठेवले की विद्यार्थी फार प्रश्न विचारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सहा मशीनं होती, त्यातलं एक रंगीत. आणि मुख्य म्हणजे त्या खोलीत एसी होता. एसी मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हता, हे सर अधूनमधून आठवण करून देत.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खानदेशात तिचा जो थाट असतो तो दिवाळीलाही नसतो. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. त्या आपल्या आपण येत नाहीत, माहेरचा माणूस आणायला जातो, बहुतेक भाऊ. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळ्याने डबा घेऊन जायचं, बहिणीच्या सासरी पोट फुटेस्तोवर जेवायचं, 'आत्ताच कशाला नेता' हे तिथल्या लोकांचं नाटक ऐकायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. मग लेकी झोके खेळतात, पितरांना घास जातो, आणि एरवी पत्त्यांना शिव्या देणारे बाप्ये कडुनिंबाखाली तीन दिवस पत्ते कुटतात. आखाजीला पत्ते चालतात. आमच्या घरी रीत अशी होती की आणणाऱ्यानेच परतही पोचवायचं. जाताना पुन्हा गोड सांजोऱ्यांचा डबा द्यायचा. तो परतीचा डबा सासरचाच, त्याला घरात कोणी हात लावायचा नाही. लहानपणी आत्याच्या डब्यातली एक सांजोरी काढली म्हणून आईने मला लाटणं फेकून मारलं होतं.

तर आणणारा मी आणि पोचवणाराही मी. या दोन कामांत काही फरक आहे, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मी शिरपूरला जाऊन अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, घेऊन निघालो. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरची माणसं वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण असं काही सांगायला लागलं की लोक लगेच रॉकेलचा डबा शोधतात. कापसाचा व्यापार होता, घर भरलेलं होतं, दाजी सज्जन होते, फक्त ते आपल्या वडिलांना विचारल्याशिवाय पाणीही पीत नसत. अक्काचं लग्नाआधी डी.एड. झालं होतं. लग्न ठरताना सासरे म्हणाले होते की करू देत की नोकरी, आमची कुठे ना आहे. नंतर तो विषय कोणी काढला नाही. मूल अजून नव्हतं आणि त्याबद्दल सगळं घर आपसात बोलायचं, तिच्याशी मात्र कोणी नाही.

नरडाण्याच्या पुढे एसटीत ती मला म्हणाली, "भाऊ, यंदा माले परत लई जाऊ नको."

मला वाटलं ती गंमत करतेय. म्हणालो, "काय झालं?"

"काहीच झालं नही. तठे माले कोनी मारत नही, कोनी उपाशी ठेवत नही. पन कोनी इचारत बी नही. आबास्ले तू सांग. मना तोंडतून निंघाव नही."

आबा आमचे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे माझ्याही तोंडातून काही निघत नसे. मी म्हणालो, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय असतं ते तिला पक्कं माहीत होतं. तरी ती खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाली आणि धुळं येईपर्यंत गप्प बसली. मीही गप्प बसलो आणि मनातल्या मनात त्या 'बरं'चा अर्थ 'विषय संपला' असा लावून टाकला.

आखाजी झाली. घराचे पत्रे दुपारी असे तापायचे की माणसं भिंतीला टेकत नसत. सुट्टीमुळे क्लास रिकामा होता, म्हणून मी अक्काला म्हणालो, चल, एसीत बस. ती आली, पदराने तोंड पुसत दोन मिनिटं एसीखाली उभी राहिली आणि म्हणाली की माहेर म्हणजे हेच असावं. त्याच आठवड्यात सरांच्या नाशिकच्या भाच्याने या खेळाच्या सात फ्लॉप्या आणून दिल्या होत्या. तिसरी खराब होती, त्यामुळे खेळातलं संगीत गेलं होतं आणि फक्त पावलांचा आवाज उरला होता. सरांनी तो रंगीत मशीनवर चढवून दिला आणि स्वतः गोळ्या मारायचा खेळ नाही म्हणून कंटाळून निघून गेले.

खेळ असा. एक तरणाताठा माणूस, अंगात लांब कोट, हातात पेटी. त्याला कोणीतरी एक पत्र देतं. मग तो घोडागाडीने, मग बोटीने एका बेटावर जातो. बेटावर दगडी इमारत, तिच्यात एक बाई. तो तिला बोटीत बसवून घेऊन येतो. बस्स. बाणाने ज्या वस्तूवर टिचकी मारू ती वस्तू त्याच्या खिशात जाते, आणि खिसा म्हणजे काय, त्यात शिडी जाते, उशी जाते, जिवंत उंदीर जातो. माणूस भेटला की खाली चार वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं, ते आपला माणूस बोलतो.

पत्र तीन पडदे भरून होतं, तेही वळणदार इंग्रजी लिपीत. माझं इंग्रजी पुस्तकातल्या आज्ञा टाइप करण्यापुरतं होतं, आणि मागे अक्का, मावशी आणि सुट्टीतही टायपिंग शिकायला येणाऱ्या दोन मुली 'काय लिहिलंय, काय लिहिलंय' करत होत्या. मी भराभर बटण दाबून पत्र संपवलं आणि म्हणालो, "कोणाला तरी आणायला पाठवलंय."

मावशी मूळची पिंपळनेरकडची. ती म्हणाली, "आनाले चालना? पेटी लईसन? हाऊ तं मुऱ्हाळी शे!"

सगळे हसले, आणि झालं. त्या क्षणापासून तो मुऱ्हाळी, पेटीत सांजोऱ्या, बेट म्हणजे सासर आणि आतली बाई त्याची बहीण. आम्हाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. आखाजीच्या आठवड्यात एक तरुण माणूस पेटी घेऊन एका बाईला आणायला निघालाय, मग तो दुसरा कोण असणार? मीही पुढचं सगळं त्याच हिशेबाने मराठीत सांगत गेलो. जिथे इंग्रजी कळलं नाही तिथे माझ्याकडचं घातलं. बेटावर बोटीच्या धक्क्याशी भेटणाऱ्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याला मी अक्काचा सासरा करून टाकलं, आणि तो बोलायला लागला की टायपिंगच्या मुली हसून लोळायच्या.

खेळ वाईट होता असं मला म्हणता येणार नाही. चित्रं सुरेख होती. समुद्र हलायचा, मेणबत्ती फडफडायची. मुऱ्हाळी मात्र इतका सावकाश चालायचा की तो अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत मावशी दोन खोल्या झाडून यायची. कोणती वस्तू उचलायची ते कळायला पडद्याचा कोपरान् कोपरा टिचकावा लागायचा. एका दुपारी आम्ही ज्याला दगड समजत होतो तो किल्ल्यांचा जुडगा निघाला. आणि कोडी कशी, ते दाराच्या प्रकरणावरून कळलंच असेल. ज्याने ती रचली तो माणूस संसारात अजिबात उपयोगाचा नसणार.

पण त्यात एक गोष्ट होती जी गोळ्या मारायच्या खेळात नव्हती. तो खेळ वाट बघायचा. तुम्ही काही केलं नाही तर तो माणूस उभा राहायचा, पाय बदलायचा, एकदा कोट झटकायचा, पण तुम्हाला मारायला कोणी यायचं नाही. आणि तो विचारायचा. समोर कोणीही येवो, खाली चार वाक्यं यायची आणि खेळ थांबायचा: बोल, काय म्हणायचंय?

पहिल्या दिवशीच माऊस अक्काकडे गेला आणि मग कोणाला मिळाला नाही. चार वाक्यं आली की ती मला चारही सांगायला लावायची, डोळे बारीक करून विचार करायची आणि मग एकावर टिचकी मारायची. एवढा विचार तिने लग्नाला होकार देतानाही केला नसेल, असं मी म्हणालो. ती म्हणाली की तेव्हा चार वाक्यं आलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने तेच संभाषण चार वेळा खेळून बघितलं, दर वेळी वेगळं वाक्य निवडून. धक्क्यावरचा तो म्हातारा चारही वेळा थोडी कुरकुर करून तीच किल्ली देत होता. ती खुर्चीत मागे टेकली. "घ्या. मी 'थांबा' म्हनो का 'चला' म्हनो, हाऊ तं किल्लीच देस. मना सासरासारखा शे. इचारस, आनि मंग करनं तेच करस."

खेळाचा सगळ्यात मोठा दोष तिने तिसऱ्याच दिवशी पकडला होता, आणि मी त्यावर हसलो होतो.

दार उघडल्यावर आतली बाई दिसली. ती दगडी इमारत शाळा होती. बाई फळ्यापुढे उभी, समोर सात-आठ पोरं, आणि बाई हसत होती. खेळवाल्यांनी तिचं हसू फार मन लावून काढलं होतं. अक्का पडद्याजवळ सरकली.

"भाऊ, हाई तं हासी राहिनी. सासरले अशी कोन हासस?"

"मुऱ्हाळी दिसला ना दारात. म्हणून."

"त्यानी अगोदरपासून हासी राहिनी," ती म्हणाली.

मी म्हणालो की चित्र आहे ते, फार खोलात जाऊ नकोस. पण ते माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मशीन पुन्हा चालू केलं, सरांचा शब्दकोश घेतला, मुऱ्हाळ्याच्या त्या अचाट खिशातून पत्र काढलं आणि पहिल्यापासून वाचलं. तासभर लागला. पत्र बाईच्या भावाचं नव्हतं, बापाचंही नव्हतं. नवऱ्याचं होतं. बाई घर सोडून गेली होती, बेटावर पोरांना शिकवत होती आणि नवऱ्याने तिला शोधून परत आणायला हा माणूस नेमला होता. गोड बोलून आण, असंही लिहिलं होतं. हा मुऱ्हाळी नव्हता. हा पोचवणारा होता.

मी मशीन बंद केलं आणि वर कापड टाकलं. मला त्या कोटवाल्याचा राग आला नाही. मला आठवत होती ती नरडाण्यापुढची एसटी.

सरळ गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी सांगायचं की बायांनो, माझं चुकलं, पत्रात असं असं आहे. पण सांगितलं असतं तर अक्का माझ्याकडे बघणार, आणि मग आबांना कधी सांगतोस असं न विचारताही विचारणार. म्हणून मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी जास्त रंगवून सांगायला लागलो. बाई 'तुम्हाला कोणी पाठवलं' म्हणाली, मी मराठीत म्हणालो, 'आई बरी आहे ना?' मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतका हलकट कधीच वागलो नव्हतो आणि इतका चांगला कथेकरीही कधी झालो नव्हतो.

बाई बोटीकडे यायला तयार व्हावी म्हणून तिचा विश्वास कमवावा लागतो. त्यासाठी शाळेची मोडकी घंटा बसवायची, आजारी पोराला औषध आणून द्यायचं, विहिरीत पडलेलं पुस्तक काढायचं. हे सगळं अक्काने केलं. बाई एकेक पाऊल धक्क्याकडे येत होती आणि अक्का जीव लावून तिला आणत होती. टायपिंगच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. धक्क्यावर पोचल्यावर मी अक्काला खेळ सेव्ह करून ठेवायला सांगितलं, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. मग तिने बोटीवर टिचकी मारली.

पुढे भाषांतराची गरजच नव्हती. बोट, घोडागाडी, मग एक लोखंडी फाटक. फाटकात एक मिशाळ माणूस. बाई गाडीतून उतरते, त्याला बघते आणि तिचं हसू जातं. ते हसू जसं मन लावून काढलं होतं तसंच ते जाणंही काढलं होतं. मिशाळ माणूस तिचं कोपर धरतो. फाटक बंद होतं. आमच्या मुऱ्हाळ्याला सोन्याचं घड्याळ मिळतं, तो ते कानाला लावून बघतो आणि खेळ संपतो.

टायपिंगच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मावशी म्हणाली, "दार उघाडाले चार दिन लागनात, आनि बाईले पोचाडाले एक बोट." तिने झाडू उचलला आणि ती निघून गेली, या वेळी काही न दाखवता.

अक्का माझ्याकडे वळली. "तुले माहीत व्हतं."

"इंग्रजी अवघड होतं," मी म्हणालो.

ती माऊस सोडून उठली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते होणं योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण माझ्याआधी ती चप्पल घालून तयार होती. क्लासमध्ये येऊन तिने धक्क्यावर सेव्ह केलेला खेळ उघडला. बाई आणि कोटवाला, दोघं बोटीपुढे उभे. मग तिने सगळं करून बघितलं. चारही वाक्यं निवडून बघितली. चारही बोटीतच नेत होती. मुऱ्हाळ्याला मागे फिरवून बघितलं. दोन पावलं जाऊन तो परत यायचा आणि म्हणायचा, बोट थांबली आहे. बोटीत शिडी टाकून बघितली, उंदीर सोडून बघितला. शेवटी तिने मला पत्र कुठे आहे ते विचारलं.

"हाई चिठ्ठी दाखव ना तिले. तिले वाचू दे."

तिने पत्र उचलून बाईवर टिचकी मारली. पडद्यावर आलं: त्याचा इथे उपयोग नाही. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच आलं. तिने दहा-बारा वेळा तरी मारली असेल.

माझं त्या खेळाबद्दलचं मत तिथे कायमचं ठरलं. त्यात मांजराची उशी फाडायची सोय होती, झोपलेल्या म्हाताऱ्याला गुदगुल्या करायची सोय होती. 'बाई, हे पत्र वाच, मी तुझ्या नवऱ्याचा माणूस आहे, आता तूच ठरव' एवढं म्हणायची सोय नव्हती. इतक्या हुशार लोकांनी इतकी मेहनत करून हीच एक गोष्ट विसरावी, याचा मला भयंकर राग आला. आणि तो राग कोटवाल्यावर काढायची सोय नव्हती, कारण त्याला कोणीतरी टिचकी मारल्याशिवाय काही करता येत नव्हतं. मला येत होतं.

तरी मी आबांना सांगितलं नाही.

त्यानंतर तीन दुपारी अक्का येऊन फक्त तो धक्का उघडून बसायची. काही करायची नाही. समुद्र हलायचा, बाईची पापणी मधूनच लवायची, कोटवाला कोट झटकायचा. खेळ वाट बघायचा. जोवर कोणी टिचकी मारत नाही तोवर बाई बेटावरच होती. सर एकदा येऊन बघून गेले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, बहीण बरी आहे ना? मी म्हणालो, बरी आहे, अभ्यास करतेय.

मग निघायचा दिवस आला. आईने पहाटे उठून सांजोऱ्या केल्या, डबा भरला, फडक्याने बांधून पिशवीत ठेवला. आबांनी पेपर बाजूला करून अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला सांगितलं, पुढच्या सीटवर बसवून ने, हिला गाडी लागते. अक्का सगळ्यांच्या पाया पडली. रिक्षात ती बसस्टँडपर्यंत एक शब्द बोलली नाही, मीही नाही. आमच्यात तोपर्यंत न बोलण्याचा चांगलाच सराव झाला होता.

शिरपूरची गाडी लागलेलीच होती. मी रुमाल टाकून पुढची जागा धरली, पिशवी वर ठेवली आणि अक्काला हात द्यायला खाली वाकलो. ती पायरीपाशी उभी होती, वर बघत. आणि मला, एसटीच्या दारात वाकलेल्या मला, आपल्या अंगात लांब कोट आहे असं स्पष्ट वाटलं.

मी पिशवी काढली, रुमाल उचलला आणि खाली उतरलो. कंडक्टरने "येता का नाही?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, "तुम्ही जा."

फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. पिशवी मधे. मी तिला विचारलं, "अक्का, तुला जायचंय का?"

एवढं साधं विचारायला मला पंधरा-सोळा दिवस लागले होते, आणि मधे कुठलं मांजर नव्हतं की उशी नव्हती. मला घाई करायचा हक्क उरला नव्हता, म्हणून मी बसून राहिलो. रसाच्या गाड्यावरची घुंगरं वाजत होती. दुसरी शिरपूर गाडी लागली, भरली, गेली. मला मधेच आबांचा चेहरा दिसायला लागला, तरी बसून राहिलो. तिसरी लागली. चौकशीच्या खिडकीतून कोणीतरी भोंग्यावर ओरडत होतं. तीही गेली. तेव्हा अक्का रडत होती आणि मला वाटतं थोडी हसतही होती.

"घर चाल," ती म्हणाली.

आबा ओट्यावरच होते. आम्हाला बघून त्यांनी चष्मा वर केला. आई दारात आली आणि पिशवीकडे बघत उभी राहिली.

"काय रे, गाडी चुकली?" आबांनी विचारलं.

'हो' माझ्या जिभेवर तयार होतं. ते सगळ्यात सोपं भाषांतर झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तीन गाड्या गेल्या. आमच्या समोरून गेल्या. अक्काले जानं नही शे, आबा. तिनी माले येतानाच सांगेल व्हतं. मीच तुम्हले सांगं नही."

आबा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी ओट्याच्या पायरीकडे बघायला लागलो. मग ते अक्काकडे वळले आणि हातातला पेपर घडी करून खाली ठेवला. "बस आठे," ते म्हणाले. "काय व्हयनं ते तू सांग."

अक्का बसली आणि सांगायला लागली. आधी अडखळत, मग न अडखळता. शिरपूरचं, डी.एड.चं, चार वर्षांत कोणी न विचारलेलं सगळं. बराच वेळ सांगत होती आणि आबा मधे एकदाही बोलले नाहीत. आईने दारातून येऊन पिशवीतला शिरपूरचा डबा काढला, फडक्याची गाठ सोडली आणि तो उघडून आमच्यापुढे ठेवला.